धुळ्याची जागा मला कशी मिळाली

आमच्या घरात बोलायचं काम फक्त इंजिन करायचं. असोद्याला आमची विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर होती आणि तिच्यावर बसवलेलं ऑइल इंजिन पहाटेपासून पुक् पुक् करत केळीला पाणी पाजायचं. त्या आवाजावर घर चालत असे. आवाज एका लयीत असला की आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात निवांत शेण काढत. लय जरा अडखळली की हातातलं टोपलं तसंच धरून उभे राहत, कान विहिरीकडे आणि नजर माझ्याकडे. तोंडानं काही म्हणत नसत. मी उठून विहिरीकडे जात असे. माय चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणायची, "आज गळा बसला रे त्याचा, वासू." इंजिनाला सर्दी होते, ते रुसतं, त्याला नजरही लागते अशी तिची समजूत होती आणि दर शनिवारी ती त्याच्या मोठ्या चाकाला हळदकुंकू लावत असे. चाक फिरायला लागलं की पहिल्याच फेऱ्यात ते कुंकू माझ्या सदऱ्यावर येई.

इंजिन दुरुस्त करायला जळगावहून एक मिस्त्री सायकलवर यायचा. तो आला की मी त्याच्या हातापुढं पाने-पकडी धरून बसायचो. दोन वर्षं पाने धरले आणि तिसऱ्या वर्षी मिस्त्रीला बोलवायची गरज उरली नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीनं मला दोनदा आडवं केलं होतं, पण इंजिनाचा एकेक स्क्रू मला नावानं ओळखतो असं मला वाटे. गावात कुणाचंही इंजिन बंद पडलं की बोलावणं यायचं. मी जायचो, पण लगेच जात नसे. आधी हात धुवायचो, मग केस विंचरायचो, मग सावकाश चालत निघायचो. तिकडे घरधनी विहिरीवर येरझाऱ्या घालत असायचा. गेल्यावर मी एक शब्द न बोलता इंजिनाभोवती फिरायचो, घरधन्याकडे अशा नजरेनं पाहायचो की जणू त्यानं इंजिनाला विष घातलंय, आणि एक नळी सोडून, फुंकून, परत बसवून इंजिन चालू करायचो. त्यानं विचारलं, "काय झालं होतं रे भाऊ?" तर म्हणायचो, "तुम्हाले समजाचं नही." खरं तर त्यात समजायला फार काही नसायचं, आणि ते त्याला कळू नये एवढीच माझी इच्छा असे. त्या वयात मला ही हुशारी वाटत होती. आज त्या पोराला रस्त्यात गाठून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं, पण तो पोरगा मीच असल्यामुळे अडचण होते.

दुसरं इंजिन आमच्या भिंतीपलीकडे राहायचं. ते म्हणजे माझा चुलतभाऊ मधुकर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मधूभाऊ म्हणायचो. काका लवकर गेले होते. काकूनं आणि त्यानं मिळून केळीची बाग सांभाळलेली, म्हणजे काकूनं सांभाळलेली आणि मधूभाऊनं तिच्याविषयी बोललेलं. तो अमळनेरच्या कॉलेजात एक वर्ष जाऊन आला होता. तिथून त्यानं तीन गोष्टी आणल्या: इस्त्रीची विजार, डाव्या बाजूचा भांग आणि वक्तृत्व. जाताना तो आमच्यासारखाच "मले", "तुले" म्हणत गेला होता. परत आला तो शुद्ध बोलत. काकूला म्हणायचा, "आई, मला किंचित जल मिळेल का?" काकू पदराचा बोळा तोंडात धरून आत जायची आणि आमच्या मायला सांगायची, "मधू कॉलेजातून आल्यापासून पाणी पीत नही, नुसतं जल पेतो." पण सांगताना तिचे डोळे चमकायचे. गावातल्या कुठल्याही समारंभात मधूभाऊ उभा राहायचा आणि भाषण करायचा. शाळेची भिंत बांधून झाली, भाषण. एस.टी. गावात पहिल्यांदा आली, भाषण. भजनी मंडळानं नवा मृदंग आणला तर मृदंगवाला हात आखडून बसला आणि मधूभाऊनं राष्ट्राच्या उभारणीत मृदंगाचं स्थान समजावून सांगितलं. श्रोते मिळाले नाहीत तर तो गोठ्याच्या भिंतीशी बोलत असे. म्हशींना ते आवडायचं की नाही हे कळलं नाही, पण दूध कमी झालं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एके दुपारी काकूनं बागेत भरिताचा बेत केला होता. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी जाड वांगी भाजून, लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर कुटून, वर तेलाची धार आणि शेंगदाणे. जोडीला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि कांद्याची पात. केळीच्या पानांवर आम्ही सगळे बसलो होतो. अर्धी भाकरी झाल्यावर मधूभाऊनं घसा खाकरला. आबांनी लगेच अजून एक भाकरी वाढून घेतली, कारण आता बराच वेळ बसावं लागणार हे त्यांना ठाऊक होतं. मधूभाऊनं जाहीर केलं की जळगावला नव्या पेठेत इंजिनं आणि पंप विकणारं एक मोठं दुकान निघालंय, त्याच्या मालकांना दोन तरुण हवे आहेत आणि तो स्वतःबरोबर मलाही घेऊन जाणार आहे. "वासूच्या हातात कला आहे," तो म्हणाला, "परंतु तिला दिशा नाही." मी म्हटलं, "आन् तुह्याकडे दिशा हाये, पण हात नही." सगळे हसले. मधूभाऊही हसला. त्याची हीच गोष्ट मला सहन होत नसे. त्याला बोललेलं लागायचंच नाही.

दुकानाच्या मालकांना सगळे नानासाहेब म्हणत. गोरेपान, गोल चेहऱ्याचे, कोटाच्या खिशात दोन पेनं. मुंबईला कुठल्याशा व्याख्यानमालेला जाऊन आल्यापासून इंजिनं विकण्यापेक्षा माणसं घडवण्याकडे त्यांचा ओढा वाढला होता. त्यांचा सिद्धांत असा की कसब आठ आणे आणि वृत्ती आठ आणे, दोन्ही मिळून माणसाचा रुपया होतो. नुसत्या कसबाचा माणूस जन्मभर तेलकट हातांनी मरतो आणि नुसत्या वृत्तीचा माणूस हवेत उडतो. हे त्यांनी रंगाऱ्याकडून एका फळीवर लिहून घेतलं होतं. फळी अरुंद होती, त्यामुळे 'वृत्ती'तला 'त्ती' खालच्या ओळीत गेला होता आणि गिऱ्हाईक आलं की बराच वेळ ती फळीच वाचत उभं राही. रोज सकाळी दुकान उघडल्यावर आम्हा सगळ्या नोकरांना ते मोठ्या आरशापुढं रांगेत उभं करायचे. आरशात स्वतःकडे पाहून तीनदा म्हणायचं: "मी मोठा होणार." मी पुटपुटायचो. मधूभाऊ असा म्हणायचा की रस्त्यावरचे लोक थांबून आत डोकावत. कोपऱ्यात एक साठीचा हमाल होता, तोही आमच्याबरोबर मोठा होत असे.

माझी नात परवा बंगलोरहून आली होती. तिच्या कंपनीनं तिला तीन दिवस एका हॉटेलात ठेवून काहीतरी शिकवलं म्हणे. मी विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, "आजोबा, करिअर वाढवायचं तर स्किल आणि माइंडसेटचा बॅलन्स लागतो." मी म्हटलं, आठ आणे, आठ आणे? ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिनं मला प्रमाणपत्र दाखवलं. छान होतं, सोनेरी कडा वगैरे. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना एका दोरीवरून चालायला लावलं, असंही तिनं सांगितलं. मी विचारलं, कुणी पडलं का? नाही, खाली जाळी होती, म्हणाली. आमच्या वेळी जाळी नव्हती, एवढाच काय तो फरक, बाकी आरसा तोच.

दुकानात आमची कामं ठरली होती. मधूभाऊ गिऱ्हाइकाशी बोले, मी इंजिन चालू करून दाखवी. वर्षभर हे बरं चाललं. त्याचं बोलणं ऐकून लोक पेंगुळले की मी इंजिन चालू करायचो आणि ते दचकून जागे व्हायचे. त्या दचकण्यात बरीच विक्री झाली. मग एक दिवस नानासाहेबांनी आम्हा दोघांना आतल्या खोलीत बोलावलं. धुळ्याला नवी शाखा निघणार होती आणि तिथला मुख्य आमच्यापैकी एक होणार होता. बसायला खुर्ची, हाताखाली चार माणसं, दारावर नाव. "तुम्ही दोघं मिळून एक रुपया आहात," नानासाहेब म्हणाले, "पण मला तिकडे सुटे पैसे पाठवायचे नाहीत. शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात इंजिन दाखवायचंय. सगळा गाव जमणार आहे. मधुकर, तू कसब शिक. इंजिन या वेळी तू चालू करायचं. वासुदेव, तू वृत्ती शिक. लोकांशी तू बोलायचं. बघू कोण पुरा रुपया होतो ते."

मला बोलायचं म्हटल्यावर मी बाहेर येऊन ती फळी पुन्हा एकदा वाचून काढली. मधूभाऊला फळीची गरज पडली नाही. प्रवासात तो मला भाषण शिकवू लागला. एस.टी.त शेजारी बसून त्यानं मला अमळनेरपर्यंत प्रस्तावना सांगितली आणि अमळनेरपासून पुढं मुख्य विषय. त्यानं मनापासून शिकवलं, हे इथं लिहून ठेवलं पाहिजे. शेवटी मला म्हणाला, "आता तू मला इंजिन सांग." मी म्हटलं, "त्याच्यात काय सांगाचं? हँडल मारायचं, खटका पाडायचा, चालू." तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." आणि खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत बसलो.

एवढंच नव्हतं. ज्यांनी ती इंजिनं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन हातानं फिरवून चालू करावं लागे. आधी वरचा खटका उचलून ठेवायचा, म्हणजे आतला दाब सुटतो आणि हँडल हलकं फिरतं. चाकानं चांगला वेग धरला की खटका पाडायचा. वेग नसताना खटका पाडला तर आतला दाब उलटतो आणि हँडल जोरानं मागं येतं. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. हँडल उलटलं तर हात आपोआप सुटतो. अंगठ्याचा विळखा घातला तर हात सुटत नाही, हँडल मनगटाला घेऊन जातं. मिस्त्रीनं मला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवली होती. इंजिनाला हात लावू देण्याआधी माझा अंगठा धरून त्यानं जागेवर ठेवला होता.

गावात आम्ही उतरलो ते एका बाईंच्या घरी. सगळा गाव त्यांना अक्का म्हणायचा. पन्नाशीच्या, उंच, सावळ्या. नवरा गेल्यावर दीरांना न जुमानता सगळी शेती स्वतः पाहणाऱ्या. अक्कांनी इंजिन घेतलं तर गावातले दहाजण घेतील आणि नाही घेतलं तर फारसं कुणी घेणार नाही, असं नानासाहेबांनी बजावून सांगितलं होतं. अक्कांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "पयले जेवा भाऊ, मंग यंत्र दखाडा." बाजरीची भाकरी, डुबुकवड्यांची झणझणीत आमटी आणि वर कच्चं तेल. आम्ही घाम पुसत जेवत होतो आणि त्या समोर बसून आमच्याकडे पाहत होत्या, बाजारात बैल पाहावा तसं. मधूभाऊनं आमटीची अशी स्तुती केली की वाढणारी सून लाजून आत पळाली. अक्का हसल्या नाहीत. मला विचारलं, "तू काबर बोलस नही रे?" मी भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला.

जेवणानंतर सगळे विहिरीवर जमले. पन्नास-साठ माणसं, बायका वेगळ्या घोळक्यानं, पोरं झाडावर. बैलगाडीतून आलेलं इंजिन मी लोक जमेपर्यंत बसवून, नळ्या तपासून, क्रूड तेल भरून तयार ठेवलं होतं. त्यात काही कसर नव्हती. मग नानासाहेबांच्या हुकुमाप्रमाणे मी बोलायला उभा राहिलो. "मंडळी," मी म्हणालो. पुढचं काही आठवेना. अमळनेरपर्यंतची प्रस्तावना आणि त्यापुढचा मुख्य विषय, सगळं साफ गेलं होतं. "मंडळी, हे इंजिन आहे," मी म्हणालो. झाडावरचं एक पोरगं हसलं. मग सगळं झाड हसलं. घोळक्यातली एक बाई म्हणाली, "दिसस माय आमले बी!" आणि सगळा गाव हसला. मी मागं सरलो आणि मधूभाऊ, एका हातानं माझा खांदा थोपटत, पुढं आला.

त्यानं मला वाचवलं, असं कुणीही म्हणेल. त्यानं सहज सूर धरला, लोकांना हसवलं, पाण्यावर बोलला, पिढ्यानपिढ्या मोट ओढणाऱ्या बैलांवर बोलला. लोक ऐकू लागले. आणि बोलता बोलता त्यानं वाकून इंजिनाचं हँडल हातात धरलं, सभेत वक्ता मेजाची कड धरतो तसं. मी चार हातांवर उभा होतो. मी त्याचा हात पाहिला. अंगठ्याचा घट्ट विळखा घातलेला होता.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं हे मी इतकी वर्षं निरनिराळ्या प्रकारे स्वतःला सांगितलंय. मला वाटलं तो हात सोडेल. मला वाटलं तो नीट फिरवेल, काही होणार नाही. मला वाटलं मध्येच बोललो तर पुन्हा लोक हसतील. यातलं सगळं थोडं थोडं खरं आहे. पण आता या वयात खोटं बोलून मिळवायचं काही राहिलेलं नाही, म्हणून लिहितो: मला वाटलं, होऊ दे. एकदा होऊ दे. सगळ्या गावासमोर याचं इंजिन बंद पडू दे. हात मोडावा असं वाटलं नव्हतं. पण मोडू शकतो हे त्या विहिरीवर फक्त मला माहीत होतं आणि मी हाताची घडी घालून उभा होतो. तो बोलत होता आणि मी त्याचा अंगठा पाहत होतो.

शेवटी अक्काच म्हणाल्या, "भाषन बठ्ठं ऐकी लिधं भाऊ. आते पानी दखाड."

मधूभाऊ हसला, त्यानं बाह्या सारल्या, खटका उचलला आणि हँडल फिरवलं. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. चाकानं अजून वेग धरला नव्हता. त्यानं खटका पाडला. ठक् असा आवाज झाला, फार मोठा नाही. हँडल उलटं फिरलं आणि मधूभाऊ गुडघ्यावर बसला. ओरडला नाही. आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला, कुणा दुसऱ्याचा हात असल्यासारखा. मनगट जिथं वाकू नये तिथं वाकलं होतं.

बायका धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी हळद आणायला गेलं. त्याला निंबाच्या सावलीत बसवलं. आणि मी काय केलं? मी हँडल उचललं, अंगठा जागेवर ठेवला, पाच फेरे मारले, खटका पाडला आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू केलं. पाणी धबधब पाटात पडू लागलं. पोरं झाडावरून उड्या टाकून पाटाकडे पळाली. माणसं "वाहवा" म्हणाली. मी हात पुसत म्हणालो, "हे येड्यागबाळ्याचं काम नाही." त्या दिवशी मला सुचलेलं एकमेव पूर्ण वाक्य ते.

दोन शेतकऱ्यांनी तिथल्या तिथं नावं नोंदवली. अक्का पाटाच्या कडेला उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, "मग अक्का, तुमचं नक्की ना?"

"इंजिन चांगलं शे," त्या म्हणाल्या. "पन माले नको."

"काबर, अक्का?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. इतकी वृत्ती माझ्याकडे एव्हाना आली होती.

त्यांनी मधूभाऊ बसला होता तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "तू दखी राह्यंता," त्या हळूच म्हणाल्या. तू पाहत होतास. "बठ्ठा गाव त्यान्हा तोंडकडे दखे. मन्ही नजर तुन्हावर व्हती. उन्हायामा हाई बंद पडी, त मी तुले बलावसू. तू यीसन उभा ऱ्हाशी आनि दखशी."

उन्हाळ्यात हे बंद पडलं आणि मला बोलावलं, तर मी येऊन उभा राहीन आणि नुसता पाहीन, एवढं बोलून त्या गेल्या आणि मधूभाऊला शिरपूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी जोडायला सांगितली. गाडीत त्याच्या पाठीशी स्वतःच्या घरची गोधडी दिली. माझ्याशी परत बोलल्या नाहीत. पुढं दोन वर्षांनी त्यांनी आमच्याच शाखेतून इंजिन घेतलं, पण बसवायला कोण येणार हे आधी विचारून घेतलं, आणि तो मी नसणार याची खात्री करून घेतली.

जळगावला परतल्यावर मी नानासाहेबांच्या खोलीत गेलो. मनात ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं, नोकरी गेली तर जाऊ दे. मी सांगितलं, "साहेब, त्यानं अंगठा चुकीचा धरला होता. मी आधी पाहिलं होतं. मी बोललो नाही."

नानासाहेबांनी चष्मा काढला. मी मान खाली घातली.

"आधी पाहिलंस?" ते म्हणाले. "म्हणजे निरीक्षण! आणि आपली वेळ येईपर्यंत थांबलास? म्हणजे संयम! आणि वेळ आल्याबरोबर पुढं होऊन दोन इंजिनं विकलीस!" ते खुर्चीतून उठले. "वासुदेव, मी तुला आठ आणे समजत होतो. तू पुरा रुपया निघालास." आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. असा मी धुळ्याच्या शाखेचा मुख्य झालो. ज्या गोष्टीसाठी मला हाकलून द्यायला हवं होतं तिच्यासाठी बढती मिळाली. पुढच्या आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली आणि त्यांना बढती कशासाठी मिळाली असेल याविषयी मी कधी चौकशी केली नाही.

त्या शनिवारी घरी जेवताना मी आबांना सगळं सांगितलं. धुळ्याचंही आणि अंगठ्याचंही. मायचा हात परातीतच थांबला. आबा जेवत राहिले. ताट पुसून झालं, हात धुतले, मग म्हणाले, "उद्यापासून मधूच्या बागेत जाय. केळीचे घड उतरायले आले. त्याले हात नही." आणि उठून गेले.

मी आठ दिवस त्यांच्या बागेत घड उतरवले. दुपारी काकू जेवण घेऊन यायची. भरीत, भाकरी, माझ्यासाठी वेगळी बांधलेली दह्याची वाटी. "भाऊ असावा तर असा," ती म्हणायची. "धुळ्याची खुर्ची सोडून भावाच्या बागेत राबतो." ती हे म्हणत असताना मी दह्याची वाटी मधूभाऊपुढं सरकवत असे. मधूभाऊ शेजारीच बसलेला असायचा, उजवा हात गळ्यात, डाव्या हातानं जेवत. तो पूर्वीसारखाच बोलायचा. हात मोडण्याचे फायदे सांगायचा. माझ्या धुळ्याच्या जागेविषयी तर त्यानं आळीतल्या प्रत्येक ओट्यावर भाषण दिलं होतं.

आठव्या दिवशी काकू भांडी घेऊन गेली आणि आम्ही दोघंच राहिलो. तो म्हणाला, "चूक माझीच रे वासू. मी तुला नीट विचारलंच नाही. मी बोलतच होतो, तुला बोलायला जागा कुठं ठेवली?"

त्यानं शिवी दिली असती तर मी गप्प बसलो असतो. हे मला झेपलं नाही.

"मी अंगठा पाहिला होता," मी म्हणालो.

"केव्हा?"

"तू हँडल धरलं तेव्हाच."

तो विचार करू लागला. मला वाटलं रागावेल. पण तो आठवत होता, आपल्या भाषणात तेव्हा आपण कुठं होतो ते. "तेव्हा मी बैलांवर होतो," तो म्हणाला. "अजून पावसाचं यायचं होतं. मग विहिरींचं. मग पुढच्या पिढीचं."

"हो."

"म्हणजे बराच वेळ."

"हो, मधूभाऊ."

तो उठला. डाव्या हातानं विजारीची माती झटकली आणि केळींच्या रांगेतून घराकडे निघून गेला. पानांआड त्याचा पांढरा सदरा एकदा दिसला, मग दिसला नाही.

त्याचं मनगट जुळलं, पण जरा तिरकं. पुढं तो केळी विकणाऱ्यांच्या संघात गेला, तिथं बोलणाऱ्या माणसाची गरज होती, आणि त्यानं फार नाव कमावलं. भिंतींशी, म्हशींशी, मंत्र्यांशी तो बोलला. माझ्याशी चार वर्षं एक अक्षर बोलला नाही. मधल्या काळात माझं लग्न झालं. धुळ्याच्या साहेबाचं लग्न म्हणून असोद्यात मोठा मांडव पडला. जेवणावळीआधी मधूभाऊ उभा राहिला आणि सगळे कौतुकानं सावरून बसले. पाऊण तास बोलला. नवरीच्या आईवडिलांची नावं घेतली, गावच्या पाटलांची घेतली, वाजंत्रीवाल्यांची, आचाऱ्याची, मांडव घालणाऱ्याची घेतली, वाढप्यांनाही नावानिशी धन्यवाद दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त बोहल्यावर बसलेल्या माझ्या आलं, आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या आबांच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जेवणाच्या पंगतीची तयारी कुठवर आली ते बघायला निघून गेले.